ब्रेकशी गट्टी

कोल्हापूरहून बेळगावला गाडीनं जाणाऱ्याला रस्त्याकडेच्या पाट्या दोन भाषांत एकच उपदेश करतात. महाराष्ट्रात असेपर्यंत ‘अति घाई संकटात नेई’, आणि कर्नाटकात शिरलं की ‘अवसरवे अपघातक्के कारण’. मी सध्या जिथं राहते त्या ग्वाल्हेरकडे हिंदीत ‘दुर्घटना से देर भली’ असं लिहितात. गंमत म्हणजे मराठीत अवसर म्हणजे संधी, सवड. कानडीत अवसर म्हणजे घाई. एकच शब्द, पण सीमा ओलांडली की उलटा फिरतो. ‘सावकाश’ हा शब्द मात्र आपल्या भागात दोन्ही घरी सारखाच नांदतो. माझे वडील मराठीतून सांगायचे ते ‘सावकाश’ आणि गदगकडची माझी अव्वा कानडीतून सांगते तेही ‘सावकाश’च.

या शब्दाची खरी किंमत मला कळली ती गाडीच्या ब्रेकमधला पिस्टन मागे सारताना. विषय ऐकून वाचकभगिनींनी पान उलटू नये. ज्या घरात गाडी आहे आणि त्या गाडीत मुलं-म्हातारी बसतात, त्या घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असलेलं बरं. मग चाक स्वतः खोला नाहीतर गॅरेजवाल्याकडून खोलून घ्या.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक असतात आणि मागच्या दोन चाकांना ड्रम. पुढच्या चाकाआड एक लोखंडी थाळी चाकाबरोबर फिरत असते, ती डिस्क. त्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. चिमट्याच्या दोन्ही ओठांना आतून दोन पॅड बसवलेले असतात. कॅलिपरच्या पोटात साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचा, वाटीसारखा पोकळ पिस्टन असतो. आपण पायानं पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल नळीतून ढकललं जातं, ते पिस्टनला बाहेर लोटतं, पिस्टन आतल्या पॅडला थाळीवर दाबतो आणि सगळा कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही थाळीवर ओढून घेतो. चिमटा आवळला की चाक थांबतं.

पायाच्या जोरानं एवढी गाडी थांबते कशी? ते गणित सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच माणसानं मांडून ठेवलं. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. पॅडलकडचा पिस्टन दोन सेंटिमीटर व्यासाचा आणि चाकाकडचा पाच सेंटिमीटरचा असेल, तर चाकाकडे जोर सहापट होऊन निघतो. मोटारीच्या चारही चाकांना असे द्रवाच्या दाबाचे ब्रेक देऊन विक्रीला आलेली पहिली गाडी अमेरिकेतली ड्यूसेनबर्ग, १९२१ सालची. त्याआधी दोऱ्या आणि सळया ओढून ब्रेक लागायचे. डिस्क ब्रेकची कल्पना लँचेस्टर या इंग्रज गृहस्थांनी १९०२ मध्येच नोंदवली होती. पण तिचा बोलबाला झाला तो १९५३ साली, जग्वारनं डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा.

आता यातली खरी खुबी. पिस्टनभोवती कॅलिपरच्या आत रबराचं एक चौकोनी कडेचं सील असतं, आपल्या कुकरच्या रिंगसारखं. ब्रेक दाबला की पिस्टन बाहेर येतो आणि हे रबर त्याच्याबरोबर थोडं मुरडतं. पाय काढला की रबर आपल्या मूळ आकाराला येतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग नसते; हे काम ते रबरच करतं. पॅड झिजला की पिस्टनला जरा जास्त पुढं जावं लागतं, तेव्हा तो रबरातून किंचित घसरून नव्या जागी बसतो. अशा रीतीनं झिजेची भरपाई आपोआप होत राहते. पायाला काही फरक कळत नाही. नव्या पॅडवर साधारण दहा मिलिमीटर जाडीचं लायनिंग असतं. ते झिजून दोन-तीन मिलिमीटरवर येईपर्यंत पॅडल पहिल्या दिवसासारखंच लागतं.

पिस्टन जेवढा बाहेर येतो तेवढी त्याच्यामागे जागा होते आणि ती जागा ब्रेक ऑइल भरून काढतं. म्हणून बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी पॅड झिजतील तशी हळूहळू उतरते. ही गळती नव्हे. ती पॅड झिजल्याची वर्दी असते. आमच्या घरी ही वर्दीच कुणीतरी पुसून टाकली होती, तिथून पुढची हकिगत सुरू होते.

ग्वाल्हेरात मराठी घरं शिंद्यांच्या काळापासूनची. लष्कर भागातल्या गल्ल्यांत अजूनही गणपतीत आरत्या ऐकू येतात, हिंदी शब्दांची फोडणी दिलेलं मराठी ऐकू येतं. माझं सासर त्यातलंच. आमची छोटी गाडी घेतली तीही इथल्या मेळ्यात. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा व्यापार मेळा दर हिवाळ्यात भरतो आणि त्यात मोटारींचा मोठा विभाग असतो. अलीकडच्या मेळ्यांत रोड टॅक्सवर निम्मी सूट मिळाल्यानं लोक गाडी घेण्यासाठी मेळ्याची वाट बघत बसतात. आमची गाडी त्याच्या बरीच आधीची, बारा-तेरा वर्षं झालेली.

गेल्या थंडीत अव्वा पहिल्यांदाच इतक्या लांब, लेकीकडे राहायला आली. तिला दोनच गोष्टींचं कुतूहल होतं. एक म्हणजे किल्ला. दुसरं, तिच्या गदगचा भीमसेन जोशी नावाचा अकरा वर्षांचा मुलगा १९३३ साली गाण्यासाठी घर सोडून निघाला आणि फिरत फिरत ज्या माधव संगीत विद्यालयात पोचला, ते गाव कसं आहे ते बघणं. किल्ल्यावर गाडी जाते ती उरवाई दरवाज्यानं. दोन्हीकडच्या कड्यात पंधराव्या शतकातल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरलेल्या आहेत आणि मधून चढाचा अरुंद रस्ता जातो. समोरून गाडी आली की थांबावं लागतं. चढताना इंजिनची परीक्षा, उतरताना ब्रेकची.

अव्वा येण्याच्या महिनाभर आधी पाहुण्यांना घेऊन आम्ही वर गेलो होतो. उतरून खाली आलो तेव्हा डाव्या पुढच्या चाकाकडून करपल्यासारखा वास येत होता. उजवं चाक कोमट, डाव्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागत होती. दुसऱ्या दिवशी आमच्या यजमानांनी गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून वरच्या रेघेपर्यंत भरलं, चार वेळा पॅडल दाबून पाहिलं आणि “सब ठीक है” म्हणून गाडी परत दिली. चाक खोललं नाही.

माझे सासरे, बाबा, हे ऐकून गप्प बसले. बाबांची उमेदीची वर्षं बिर्लानगरच्या जियाजीराव कॉटन मिलमध्ये यंत्रांच्या दुरुस्तीत गेली. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली, पण बाबांची पान्यांची पेटी अजून तेल लावून ठेवलेली असते. संध्याकाळी ते म्हणाले, “सूनबाई, ऑइल कमी झालं तर गेलं कुठं, हे त्यानं विचारलंच नाही. विहिणबाईंना वर न्यायच्या आधी आपण चाक खोलून बघू.”

“आपण” म्हणजे ते आणि मी. बाबांचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून गेली काही वर्षं हात माझे आणि अक्कल त्यांची, असा आमचा कारभार चालतो. यजमान ऑफिसात असतात. शेजारच्या काकू पहिल्यांदा मला जॅक लावताना पाहून थबकल्या होत्या, आता त्याच मला त्यांच्या स्कूटरची हवा बघायला सांगतात.

अव्वा आली त्याच्या तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, अंगणात गाडी सपाट फरशीवर उभी केली. मागच्या चाकांना विटा लावल्या. गाडी जॅकनं उचलली आणि लोखंडी स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली बाबा बोटही घालू देत नाहीत. मग बॉनेट उघडून डबीचं झाकण सैल केलं. डबी काठोकाठ भरलेली. पिस्टन मागे सारला की त्याच्यामागचं ऑइल उलट वाटेनं याच डबीत येणार, तर जागा कुठं आहे? ते बाहेर ओघळलं तर गाडीचा रंग उचकटतं, इतकं ते तिखट असतं. म्हणून मोठ्या सिरिंजनं आधी थोडं काढून घेतलं. तोंडानं नळी ओढण्याचा धंदा कुणी करू नये, ते विषारी आहे. माझ्या लेकीला डबीपाशी उभं केलं. तिचं काम एकच: पातळी चढताना दिसली की सांगायचं.

उजवं चाक आधी घेतलं. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला आणि तारेनं बांधून ठेवला. रबरी नळीवर त्याचं ओझं लटकू द्यायचं नाही. जुने पॅड काढले. दोन्हींचं लायनिंग पाच मिलिमीटरच्या आसपास, दोन्ही सारखे. डिस्कच्या आसपासची काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. जुन्या काळी ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ते नसलं तरी ही धूळ छातीत जाण्याजोगी नाहीच. पिस्टनचा बाहेर आलेला भागही पुसला. तो मळलेला तसाच आत सारला तर कचरा सीलला ओरबाडतो आणि आज बसवलेला ब्रेक सहा महिन्यांनी गळायला लागतो.

मग मुख्य काम. पिस्टनच्या तोंडावर जुना पॅड आडवा ठेवला, म्हणजे जोर एका कडेवर न येता सगळीकडे सारखा पडेल. त्यावर सी-क्लॅम्प लावला. इथं त्याला शिकंजा म्हणतात. आणि फिरवायला सुरुवात केली. अर्धा फेरा, थांब. अर्धा फेरा, थांब.

“जल्दी काय आहे?” बाबा खुर्चीवरून म्हणाले. “हाताला विचार, काय सांगतोय तो.”

हात सांगत होता की सगळं ठीक आहे. लोण्यात सुरी जावी तसा पिस्टन एका लयीत आत चालला होता. “आजोबा, वर येतंय!” लेक ओरडली. डबीतली पातळी चढत होती. मला तो क्षण फार आवडतो. इकडे मी स्क्रू फिरवते आणि तिकडे चार हातांवर, बॉनेटखाली, ऑइल चढतं. हा सगळा एकच बंद संसार आहे, एका टोकाला ढकललं की दुसऱ्या टोकाला कळतं.

डाव्या चाकाशी आलो आणि चित्र पालटलं. दोन्ही पॅड दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ, डिस्कवर निळसर झाक. क्लॅम्प लावला. पाव फेरा गेला आणि पुढं दगड. इथं जोर लावायचा मोह होतोच. मोठा पाना घेऊन लोंबकळलं तर पिस्टन गेलाही असता आत. गॅरेजात रांग लागलेली असली की असंच होतं. मोठा स्क्रूड्रायव्हर घुसवून एका हिसक्यात पिस्टन मागे लोटतात, नवे पॅड बसवतात, गाडी तयार. आणि पिस्टन का अडत होता हा प्रश्न नव्या पॅडच्या आड झाकला जातो.

बाबा उठून जवळ आले. “निपल उघडून बघ.” कॅलिपरवर ऑइल काढायचा एक छोटा निपल असतो. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं, निपल पाव फेरा सैल केला आणि क्लॅम्प पुन्हा फिरवला. पिस्टन निमूट आत गेला. काळपट ऑइल बाटलीत उतरलं. क्लॅम्प सोडायच्या आधी निपल घट्ट केला, नाहीतर तिथूनच हवा आत ओढली जाते.

एवढ्यावरून निदान झालं. पिस्टन गंजला असता तर निपल उघडूनही हलला नसता. कॅलिपरच्या पिना सुकल्या असत्या तर आतला पॅड एक आणि बाहेरचा दुसरा असा वाकडा झिजला असता. इथं दोन्ही पॅड सारखेच संपलेले आणि पिस्टनही मोकळा, पण ऑइलला डबीकडे परतायची वाट नाही. म्हणजे मधली रबरी नळी आतून सुजलेली. बाहेरून ती नवीसारखी दिसत होती. पायाच्या जोरानं ऑइल तिच्यातून चाकाकडे जायचं, पण पाय काढल्यावर परत येताना अडायचं. ब्रेक सुटायचाच नाही पुरता. म्हणून ती धग, म्हणून तो वास, म्हणून एकाच चाकाचे पॅड खलास. आणि गॅरेजवाल्यानं वरून ऑइल भरून पातळी चांगली दाखवली, तेव्हा या सगळ्याची एकुलती एक खूणही गेली.

त्या दिवशी आम्ही नुसते पॅड बदलून थांबलो असतो, तर नवे पॅडही तसेच घासत राहिले असते. अव्वाला, बाबांना आणि लेकीला घेऊन उरवाईचा उतार उतरताना डावा ब्रेक तापत गेला असता. अशा वेळी ऑइल उकळू लागलं की पॅडल पायाखालून खाली जातं. पुढचं लिहीत नाही.

पार्ट्सच्या दुकानातून दोन्ही बाजूंच्या नव्या नळ्या आणल्या. एक गेली म्हणजे तिच्याच वयाची दुसरीही जाणार. नवी नळी हातात येईपर्यंत जुनी खोलली नाही. बसवून झाल्यावर आत शिरलेली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडून हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद करायचा आणि मगच पहिल्यानं पाय काढायचा. निपल उघडा असताना पाय सुटला तर गेलेली हवा परत आत. बाबांच्या गुडघ्यांना ते जमेना. लेकीचा पाय पुरेना. पदर खोचून पायरीवर शेंगा सोलत बसलेली अव्वा म्हणाली, “मी बसू काय?”

पंचाहत्तर वर्षांची माझी आई आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसली. मी चाकापाशी जमिनीवर. तिला माझं तोंड दिसत नव्हतं आणि मला तिचं, फक्त आवाज. घाईच्या कामात माणसाला आईचीच भाषा सुचते. मी ओरडले, “ओत्तव्वा!” दाब गं आई. तिनं दाबलं. निपल उघडला, फसफसून बुडबुडे निघाले. निपल बंद केला. “बिडव्वा!” सोड गं आई. ओत्तव्वा, बिडव्वा, ओत्तव्वा, बिडव्वा. दहा-बारा वेळा झालं, पण एकदाही तिनं सांगण्याआधी पाय उचलला नाही. जात्यावर आणि उखळावर दुसरीच्या हाताशी हात जुळवलेल्या बाईला वेळ सांभाळायला शिकवावं लागत नाही. मधूनमधून बाबा डबी बघून ऑइल घालत होते, कारण डबी रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते.

दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. शेवटी बाटलीतल्या नळीत नुसतं स्वच्छ ऑइल दिसायला लागलं आणि आतून अव्वाचा आवाज आला, “गट्टी आतु!”

बाबांना कानडी येत नाही. ते म्हणाले, “गट्टी? कुणाशी?” मी हसत सुटले. कानडीत गट्टी म्हणजे घट्ट, पॅडल घट्ट झालं असं ती म्हणत होती. पण लग्नानंतर इतक्या वर्षांत ‘नमस्कार, कसं काय’ याच्यापुढे न गेलेले हे विहीण-व्याही त्या दुपारी शेंगांचं टरफलं फोडत दोन तास बोलत बसले होते, तेव्हा मराठी अर्थही चुकीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी आधी गल्लीत, मग मोकळ्या रस्त्यावर सावकाश गाडी चालवून, हलके हलके ब्रेक लावून नवे पॅड डिस्कला जुळवून घेतले. आठवड्यानं किल्ल्यावर गेलो. खाली येऊन दोन्ही चाकांजवळ हात नेला. दोन्ही सारखीच कोमट.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांसाठी आणखी थोडं. ग्वाल्हेरला एक किल्ला उतरायचा असतो, तुम्हाला घाट. बेळगावहून गोव्याला चोर्ला, सावंतवाडीला आंबोली, कोल्हापूरहून कोकणात उतरायचं तर तिकडचे घाट वेगळेच. ब्रेक ऑइल हे आपल्या खाण्याच्या तेलासारखं नसतं, ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ जातीचं ताजं ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात ठरावीक पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. आपल्याकडचा पाऊस आणि दमट हवा लक्षात घेता साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्यावं, आणि घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर न ठेवता गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं आजही खरं आहे.

स्वतः पिस्टन मागे सारणार असाल तर काही गोष्टी पाळाव्यात. कॅलिपर उतरवलेला असताना कुणालाही पॅडलला पाय लावू देऊ नये. पिस्टन सरळ बाहेर पडतो. मागच्या चाकांनाही डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर तो पिस्टन बहुधा दाबून जात नाही, खास हत्यारानं फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. क्लॅम्पनं रेटला तर आतली रचना मोडते. बटणाचा विजेवरचा हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिसच्या स्थितीत आणावा लागतो, ते काम माहितगाराकडेच द्यावं. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्यातल्या बारीक व्हॉल्व्हमध्ये कॅलिपरमधलं जुनं, काळं ऑइल उलटं ढकलायला नको, म्हणून अनेक जाणकार निपल उघडून ते बाटलीतच काढतात. बोल्ट किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तकात बघावं. आणि ब्रेकच्या बाबतीत जराही शंका राहिली तर गाडी बाहेर काढू नये, मेकॅनिकला घरी बोलवावं.

ज्यांना यातलं काहीच स्वतः करायचं नाही, त्यांनी गॅरेजात दोनच गोष्टी मागाव्यात. ब्रेक ऑइल भरण्याआधी चाक खोलून पॅड बघा, असं सांगावं. आणि पॅड बदलले की डाव्या-उजव्या चाकांचे चारही जुने पॅड शेजारी शेजारी ठेवून दाखवायला सांगावं. चारही सारखे झिजलेले असतील तर उत्तम. एखादा वेगळा दिसला तर पैसे देण्याआधी कारण विचारावं. यात मेकॅनिकचा अपमान नाही. चांगला मेकॅनिक हे आपणहून दाखवतो.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून शेवटी. पिस्टन मागे सारल्यावर तो पॅडपासून दूर असतो. गाडी तशीच चालू करून काढली तर पहिल्यांदा दाबलेलं पॅडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून पॅड कुणीही बदललेले असोत, गाडी जागची हलवण्याआधी पॅडल पुन्हा पुन्हा, सावकाश दाबावं. पिस्टन पुढं येऊन पॅडला टेकेपर्यंत, पायाखाली घट्ट लागेपर्यंत. मग डबीतली पातळी बघावी आणि झाकण लावावं. आमच्या घरी आता ही पद्धतच पडली आहे. गॅरेजातून गाडी आली की आमचे यजमान किल्ली फिरवण्याआधी चार वेळा पॅडल दाबतात आणि मागच्या सीटवरून लेक विचारते, “बाबा, गट्टी आतु?”